विमलाच्या वजनाची स्प्रिंग

देवबागच्या गुणाजीला होडी लागायची. घाटात एखाद्याला एसटी लागते, तशी. मासेमारी करणाऱ्या गाबिताच्या पोटी जन्माला येऊन ज्याला होडी किनाऱ्यावरून सुटली की ओकारी येते, त्याने करायचं काय? बापाने लिंबू चोखायला दिलं, देवाला गाऱ्हाणं घातलं, शेवटी दोन थोबाडीतही दिल्या. कशाचाच उपयोग झाला नाही, तेव्हा त्याला मालवणात एका सायकलवाल्याच्या हाताखाली ठेवलं. तिथे मात्र गुणाजीचा हात बसला. काही वर्षांनी तो गावी परतला आणि रस्त्याकडेला, सुरूच्या झाडांना लागून, झावळ्यांच्या छपराखाली त्याने स्वतःचं दुकान थाटलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या रेतीच्या पट्टीवर पाण्याकडे पाठ करून बसलेला गावातला हा एकटाच बाप्या, अशी त्याची थट्टा व्हायची.

त्याची बायको विमला मात्र पाण्याचीच. भल्या सकाळी किनाऱ्यावर जाऊन मासळी घ्यायची, टोपली डोक्यावर चढवायची आणि वाडीवाडी फिरून विकायची. अंगाने भक्कम. दुकानातल्या बाकड्यावर ती टेकली की बाकडं कुरकुरायचं. आवाज असा, की तिची हाळी ऐकून बायकांच्या आधी मांजरं दारात येत. गुणाजी काटकुळा आणि अबोल. ती बोलायची, तो ऐकायचा. एवढ्या एका सोयीवर त्यांचा संसार सुखाने चालला होता. मुलगा नितेश हाताशी आल्यावर गोव्याला एका हॉटेलात कामाला लागला. जाताना आपली लाडकी सायकल घरीच ठेवून गेला. जाड टायरांची, उतरत्या दांड्याची, पुढे शॉकअप असलेली. देवबागेत तेव्हा तसली सायकल नवलाची होती.

दोन हजार तीन सालचा पाऊस सरला आणि विमलाला खोकला लागला. तिने तो मनावर घेतला नाही. गुणाजीने दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "खोकल्याचा काय घेवन बसलास? पाण्यात उभी रवणाऱ्या बायलेक खोकलो नाय होतलो तर कोणाक होतलो?" आल्याचा काढा झाला, मध-हळद झाली. खोकला हटेना. पुढे संध्याकाळचा ताप येऊ लागला. दंडात रुतणारे पोलक्याचे काठ सैल झाले. एक दिवस टोपली उचलताना हातातल्या बांगड्या सरकन कोपरापर्यंत गेल्या, आणि त्या बघून विमला पहिल्यांदाच गप्प झाली. गुणाजीने त्याच दिवशी दुकानाला झाप लावली आणि तिला मालवणात डॉक्टरकडे नेलं. छातीचा फोटो निघाला. थुंकी तपासली. क्षय निघाला. डाव्या फुप्फुसाच्या आवरणालाही सूज होती.

गोळ्या सरकारी होत्या, पण एक दिवसाआड आरोग्य केंद्रात जाऊन नर्ससमोर घ्यायच्या होत्या. जान्हवी सिस्टरने पहिल्याच दिवशी दोघांना बजावलं, "काकी, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत हं. आणि काका, तुम्ही घाबरू नका. काही आठवडे गोळ्या पोटात गेल्या की दुसऱ्याला लागण होत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि काकींना भरपूर खायला घाला."

पण केंद्रापर्यंत जायचं कसं, हाच मोठा प्रश्न होऊन बसला. पहिल्या खेपेला ती दोघं एसटीने गेली. विमलाला खोकल्याची उबळ आली तशी शेजारची बाई पदर नाकाला लावून उठली, आणि मग मागची. ओळखीच्या बायका होत्या. हिच्याच टोपलीतली मासळी खाल्लेल्या. विमला पुढच्याच थांब्यावर उतरली आणि उरलेली वाट धापा टाकत चालली. "माका परत त्या गाडयेत चढवू नकात," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या खेपेला गुणाजीने तिला आपल्या सायकलच्या कॅरियरवर बसवलं. रस्ता म्हणजे खड्डे आणि मधूनमधून उडून आलेली रेती. प्रत्येक खड्ड्याला विमलाच्या डाव्या बरगडीत कळ उठायची आणि ती गुणाजीचा सदरा मागून घट्ट धरायची. ओरडायची नाही. ती ओरडत नाही, हेच गुणाजीला सोसवेना.

मग त्याला नितेशची सायकल आठवली. जाड टायर रेतीत रुतायचे नाहीत, आणि कासोट्याच्या लुगड्यात उतरत्या दांड्यावरून पाय टाकून बसायला अडचण नव्हती. त्याने सीट खाली घेतली, विमलाला बसवलं, एक हात हँडलवर आणि एक सीटमागे ठेवून तो सायकल ढकलत चालू लागला. मासे सुकवणाऱ्या बायका बघत राहिल्या. परशुराम नावाचा त्याचा एक जुना मित्र समोरून येत होता. होड्यांच्या इंजिनांची कामं करणारा, मालवणात लेथ चालवणारा. तो हसून म्हणाला, "गुणाजी, बायलेची वरात काढलंस काय रे?"

"लग्नात काढूची रवली होती," गुणाजी म्हणाला, "ती आता काढतंय."

विमलाला हसू आलं आणि हसण्याबरोबर खोकला. पण तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी उजळलं, ते गुणाजीने पाहिलं.

वरात निघाली खरी, पण कळ थांबली नाही. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की हादरा हँडलातून तिच्या हातांत आणि हातांतून बरगडीत जायचा. विमला म्हणाली, "ह्येच्यात स्प्रिंग आसा की नुसतो देखावो?"

गुणाजीच्या डोक्यात ते बसलं. नितेश धष्टपुष्ट, तो सायकलवर बसला की पुढचा चिमटा छान लवायचा. चिमटा म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे दोन पाय. साध्या सायकलीत ते एकसंध असतात; ह्या सायकलीत वरची बारीक नळी खालच्या जाड नळीत खालीवर सरकायची आणि आत स्प्रिंग होती. आता विमला बसली तरी ती नळी हलतच नव्हती. स्प्रिंग ताठ, आणि बसणारं माणूस वाळून चिपाड झालेलं. चिमट्याला वाटत असेल, आपल्यावर कोणी बसलेलंच नाही.

त्या दुपारी त्याने चिमटा उघडला. वरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढल्यावर आतून स्प्रिंगा आल्या आणि त्यांच्या पोटात घातलेले कडक रबराचे दांडके. त्याने रबर काढून टाकलं. पुढच्या खेपेला पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चिमटा पार खाली बसला, "ठक्" असा आवाज झाला आणि आजवर दाबून धरलेली किंकाळी विमलाच्या तोंडून बाहेर पडली. गुणाजी जागीच थिजला. बरं करायला गेलो आणि हाताने दुखवलं, असं त्याला झालं.

"रवांदे ओ," तीच त्याला म्हणाली. "माका सवय झाली."

पण त्याला सवय होईना. भंगारवाल्याकडे जाऊन त्याने एका जुन्या मोपेडच्या स्प्रिंगा शोधून आणल्या. मऊ, पण लांब. नळीत घातल्या की टोकं वर डोकावायची. टोपी बसवायची तर त्या थोड्या दाबून बसवाव्या लागत. आणि हे दाबतानाच गुणाजीला उमगलं, की सगळी मेख ह्या दाबण्यात आहे. स्प्रिंग तीच, पण ती आधीच किती आवळून ठेवली आहे, त्यावर माणूस बसल्यावर ती कुठून लवायला लागेल ते ठरतं. फार आवळली तर हलक्या माणसाला ती दगड. सैल सोडली तर बसल्या बसल्याच तळ गाठणार. मग त्याने टोपीखाली वायसर घालून पाहिले. एक घाल, विमलाला अंगणात बसव, उतरव. एक काढ, पुन्हा बसव. विमला कुरकुरली, "माका काय तागडीत घातलास?" पण बसली. शेवटी वायसरांचं एक माप असं जमलं, की ती बसली की चिमटा हळूच दोन बोटं लवायचा आणि तिथेच तिला झेलून धरायचा.

ते माप घेऊन तो परशुरामच्या लेथवर गेला. त्याला वेगळंच हवं होतं. दोन्ही पायांना धातूच्या नव्या टोप्या, टोपीच्या मधोमध आटे पाडून त्यात लांब स्क्रू, स्क्रूच्या खालच्या टोकाला स्प्रिंग दाबणारी चकती. वरून बोटांनी फिरवला की स्प्रिंग आवळेल, उलटा फिरवला की सैल होईल.

परशुरामला ते पटेना. "तुका माप गावला मा? मगे तेवढ्या जाडीचो एक तुकडो घाल आणि टोपी बसय. स्क्रूचो खटाटोप कित्याक?"

लेथच्या पायाशी पडलेला पितळी कीस गुणाजी पायाने सारत होता.

"तुकडो घातलंय तर आजचा वजन कायमचा झाला," तो म्हणाला. "माका ता कायमचा नको."

परशुरामने त्याच्याकडे पाहिलं. विमलाचा तो पूर्वीचा भक्कम बांधा त्यानेही पाहिला होता. तिच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. होडीच्या दांड्यावरची झिजलेली पितळी बुशं कोपऱ्यात पडली होती, त्यांतली त्याने निवडून काढली. "पितळेचा करतंय. लोखंड हयच्या वाऱ्यात टिकाचा नाय," म्हणाला, आणि लेथ सुरू केला. पकडीची गरज पडू नये म्हणून स्क्रूच्या डोक्यांना त्याने खाचाही पाडून दिल्या.

टोप्या बसवून पहिल्यांदा निघाले, तेव्हा विमला केंद्रापर्यंत एक शब्द बोलली नाही. गुणाजीचा जीव टांगणीला. खड्डे येत होते, चिमटा लवत होता, वर येत होता. केंद्राच्या दारात उतरताना ती त्याच्या खांद्याचा आधार घेत म्हणाली, "आज बरगडी गप आसा."

गुणाजी तिला आत सोडून आला आणि बाहेर सायकलपाशी उगाच दोन्ही स्क्रू पदराने पुसल्यासारखे सदऱ्याने पुसत बसला.

त्यानंतर त्याने आणखी एक गोष्ट केली, ती कोणाला न सांगता. जुन्या ट्यूबचं बारीक कडं कापून त्याने वरच्या नळीवर चढवलं. विमला बसली की नळी खाली जायची आणि कडं वर सरकायचं. ती उतरली तरी ते सरकल्या जागीच राहायचं. चिमटा किती लवला, ते त्यावरून कळायचं. अंगणात ती बसून उतरली की तो चाकापाशी उकिडवा बसायचा. "काय बघतास?" तिने विचारलं तर म्हणायचा, "टायर."

आणि कडं खाली खाली राहू लागलं.

गोळ्यांनी विमलाला मळमळायचं. अन्न पोटात ठरत नव्हतं. सिस्टर म्हणायची, सुरुवातीला होतं असं, धीर धरा. पण वजनकाट्याच्या आधी गुणाजीला कळायचं. कडं पूर्वीच्या खुणेपर्यंत पोचेना, म्हणजे तिचं वजन चिमट्याला आणखी कमी जाणवत होतं. पुन्हा हादरे लागू नयेत म्हणून तो स्क्रू सैल करायचा. दोन्ही बाजूंना सारखे, अर्धा अर्धा आटा. सैल करताना पितळ हाताला इतकं हलकं लागायचं, की त्याला त्याचा राग यायचा. एकदा तो तसाच उठून खाडीकडे गेला आणि बराच वेळ तिथे उभा राहिला. पाण्याकडे पाठ करायचंही त्याला सुचलं नाही.

परत आला तो थेट चुलीपाशी. आयुष्यात त्याने कधी भात शिजवला नव्हता. पहिल्या दिवशी पेज करपली. दुसऱ्या दिवशी जमली. सुक्या बांगड्याचा तुकडा भाजून, चुरून त्याने पेजेबरोबर दिला. अंडी उकडली. मग ताज्या बांगड्याचं तिखलं करायला घेतलं, तेव्हा खाटेवरून आवाज आला, "तिरफळां ठेचा, वाटू नकात! वाटलास तर कडू होतला!"

"बरा."

"आणि सोलां किती घातलास? दाखवा. अरे देवा! एवढी? माका मारतास काय?"

हाळी घालायचा आवाज नव्हता तो अजून. पण त्याच्या जवळपास पोचला होता. गुणाजीने मुद्दामच पुढच्या वेळी कोकमाची सोलं जास्त घातली.

हळूहळू अन्न ठरू लागलं. कडंही थोडं थोडं वर सरकत होतं, पण त्यावर भरवसा ठेवून स्क्रू आवळायला गुणाजी धजत नव्हता. ताप गेला. वाऱ्याला उष्मा चढू लागला, आंब्याच्या पाट्या भरून टेम्पो जाऊ लागले. गुणाजी नेहमीसारखा एका सकाळी सायकल ढकलत होता. शाळेजवळ मोठा खड्डा होता, तो त्याला चुकवता आला नाही. चाक आत गेलं आणि पुढून आवाज आला. "ठक्."

गुणाजी थांबला.

"काय झाला? काय मोडला?" विमला घाबरली.

"काय नाय मोडला."

"मगे थांबलास कित्याक?"

तो खाली वाकला, चिमट्यावर हात ठेवला, आणि त्याचे खांदे हलू लागले. तो हसतोय की रडतोय, ते विमलाला वरून कळेना. "ओ! काय ता सांगा तरी!"

"चिमटो तळाक लागलो."

"मगे?"

"मगे म्हंजे तू जड झालंस गो!"

विमलाने आजूबाजूला पाहिलं. शाळेच्या कुंपणाशी दोघीतिघी बायका उभ्या होत्या. "देवा म्हाराजा! भर रस्त्यात बायलेक जड झालंस म्हणतास?" ती ओरडली. पण गुणाजी डोळे पुसत हसतच होता, आणि मग तिलाही राहवलं नाही. तिथल्या तिथे त्याने दोन्ही स्क्रू आवळले. ती वाकून बघत होती. तेव्हा तिला ते रबरी कडं दिसलं, आणि त्याखाली नळीवर खिळ्याने ओढलेल्या बारीक रेघा.

विमला मासळीवाली, वजनमाप तिला कोणी शिकवायला नको होतं.

"म्हंजे इतके दिस तुमी टायर बघी नाय होतास?"

"टायर पण बघी होतंय."

"मी कमी झालंय तेव्हा माका सांगूक नाय?"

"तुका सांगान काय करू?" गुणाजी म्हणाला. "चूल पेटयलंय."

केंद्र येईपर्यंत तिने हँडलवरचा एक हात काढून त्याच्या हातावर ठेवला होता. बायका बघत होत्या, तरी ठेवला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती स्वतः पायडल मारू लागली. आधी तो बाजूने चालायचा, मग मागून धावायचा, मग त्याला धावणं जमेना म्हणून ती एकटीच जाऊ लागली. गोळ्यांचा सगळा क्रम पुरा झाला, थुंकी स्वच्छ आली. सिस्टरने गूळ-खोबरं मागितलं, विमलाने मोठा सरंगा मासा नेऊन दिला.

टोपली डोक्यावर घ्यायला मात्र गुणाजीने तिला पुन्हा दिलं नाही. त्याने हँडलपुढे लोखंडी चौकट जोडली, त्यात मासळीचा डबा बसायचा. सकाळी डबा भरलेला असला की विमला स्क्रू आवळायची. मासळी संपली की परतताना सैल करायची. हे तिने कोणाच्या मदतीशिवाय आपल्या बोटांनी करायचं ठरवलं होतं, आणि कोणी कौतुकाने विचारलं की भर बाजारात चिमट्याचं पुराण सुरू करायची. ते ऐकून लोक गुणाजीकडे येऊ लागले. देवबागेत पर्यटक येऊ लागले होते, घराघरांत खोल्या निघत होत्या. एका खोल्यावाल्याने पाहुण्यांसाठी तसल्या सायकली घेतल्या आणि सगळ्यांना स्क्रू करून मागितले. गुणाजीने थोड्या करून दिल्या. पुढे तर कंपनीचेच तसे चिमटे आले, वर निळं बटण असलेले. नितेशने गोव्याहून येताना एक मुद्दाम दाखवायला आणला. गुणाजीने ते बटण फिरवून पाहिलं, म्हणाला, "बरो केल्यानी," आणि हातातलं पंक्चर पुरं करायला बसला. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. त्याचं काम झालं होतं.

दोन हजार नऊच्या सुमारास त्यांच्या शेजारच्या घरात लक्ष्मी नावाची नवी सून आली. फोंडाघाटकडची, शेतकऱ्याच्या घरातली, बारीक चणीची. वर्षभरात तिला खोकला लागला, आणि मग घराचं दार दिवसाही अर्धं लोटलेलं राहू लागलं. विमलाने ते चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी ती सरळ आत शिरली. काय बोलणं झालं ते गुणाजीला ऐकू आलं नाही. त्याला फक्त विमलाचा आवाज येत होता, आणि मग बऱ्याच वेळाने एक बारीक, रडवेलं हसू.

एव्हाना रस्ता डांबरी झाला होता आणि सहा आसनी रिक्षा धावत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रात जायला गुणाजीने रिक्षाला हात केला. विमला आधी चढली, ती बसताच रिक्षा एका बाजूला कलली. तिने लक्ष्मीला हात देऊन आत ओढलं आणि स्वतःला चिकटून बसवलं. समोर बसलेल्या बाईने तोंड फिरवलं, तशी विमला मोठ्याने म्हणाली, "गो बाय, वायच सर. माजा चेडू आसा, पोटची लेक, तेका वारो लागांदे."

रिक्षा सुटली. वळणावरून ती दिसेनाशी झाली तरी विमलाचं बोलणं ऐकू येत होतं. गुणाजी ते ऐकत थोडा वेळ रस्त्यावर उभा राहिला, आणि मग बांगडे साफ करायला घरात गेला.